बाही

परभणीत रात्री किती थंडी पडली
ते दुसऱ्या दिवशी पेपरात येतं,
त्याआधी माझ्या अक्षरात असतं.
कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत, ओल्या गवतात,
चार पायांवर उभी एक पांढरी झडपांची पेटी.
सकाळी दार उघडायचं,
श्वास रोखायचा,
आपली वाफ लागली तर आकडा लबाड होतो.
आडव्या नळीत एक बारकी काळी काडी असते.
रात्र जिथवर खाली उतरली
तिथंच ती थांबून राहते, ऊन चढलं तरी.
त्या दिवशी
पाच पूर्णांक एक.

घरी दुसरं यंत्र. केशर,
वय साडेतीन.
मी चहाला टेकलो की मागून येऊन
दोन्ही पंजे माझ्या मानेवर ठेवते.
इथं श्वास रोखून चालत नाही.
तिची मूठ ओंजळीत घेऊन
हाऽ हाऽ करत
निघेल तितका सोडायचा.

स्टेशन रोडची सगळी दुकानं पालथी घातली.
गाडीवाल्यांचे होते, काळे, रेग्झिनचे.
तान्ह्या बाळांचे होते, गुलाबी, बोटभर.
मधल्या माणसांसाठी काहीच नाही.
दुकानदार म्हणाला,
'पंधरा दिवसाची थंडी, साहेब.
एवढ्याशा हाताचा माल कोण भरून ठेवतंय?
स्वेटर घ्या मोठं. बाही सोडा खाली.'

बाही म्हटल्यावर शिवकन्या थबकली.
त्या रात्री तिनं माझा हिरवा स्वेटर मांडीवर घेतला,
मला न विचारता कात्री चालवली.
माझ्या मनगटाची घट्ट वीण
दोन टाके घालून केशरच्या मनगटाला आली.
अंगठ्याला वेगळी खोली,
चार बोटांचं एकत्र कुटुंब.
दोन्ही मोज्यांना जोडून परकराची नाडी
मानेमागून,
म्हणजे हरवायचं नाव नको.

केशरनं हात उलटेपालटे करून पाहिले.
'आई, बोटं कुठं गेली?'
'निजलीत.'
'आन् अंगठा?'
'त्याला एकट्यानं निजायची सवय हाय.'

तिसऱ्या दिवशी अंगणवाडीत
निळ्या खडूवरून झोयाशी भांडण झालं.
कोकिळाताईंनी मला सगळं सांगितलं.
कट्टी घ्यायची तर करंगळी हवी,
करंगळी आत अडकलेली.
हिनं हात पुढं केला, नुसता हिरवा गोळा.
'कट्टी.'
'दिसंना,' झोया म्हणाली.
आणि न दिसलेली कट्टी लागत नाही,
असा तिथला कायदा आहे.
मोजा काढावा तर गार लागतं.
खिचडी येईपर्यंत भांडण तसंच लोंबकळत राहिलं.
मग झोयानंच विचारलं, आत कसं असतंय?

मी न्यायला गेलो तेव्हा दोघी बाहेर आल्या
एकाच नाडीवर,
एक टोक हिच्या हातात, एक तिच्या.
दाराच्या खांबाला नाडी अडकली,
तरी एकीनंही हात काढला नाही.
दोघी खांबाच्या दोन बाजूंना
आपापल्या घराकडं ओढत राहिल्या,
हसून हसून खाली बसेपर्यंत.

माझी बाही आता मनगटाच्या चार बोटं वर संपते.
कड टाचून दिलीय तिनं, तरी धागा सुटतो.
पेटीची कडी लोखंडी,
डॉक्टर जिथं नाडी बघतात
नेमकी तिथं लागते.
त्या आठवड्यात मी आकडे
जरा घाईनं वाचले असतील,
पण खोटा एकही लिहिला नाही.

शिवरात्र झाली. शिव शिव म्हणत थंडी गेली.
मोजे धुऊन ट्रंकेत टाकताना
शिवकन्यानं केशरला हाक मारली,
तिचा पंजा माझ्या उरलेल्या बाहीवर पसरून ठेवला,
टाचणी लावली.
'वाढलाय की हात.
पुढल्या साली कोपराच्या जरा खालून कापू.'
'आणि त्याच्या पुढल्या साली?' मी विचारलं.
दुसरी टाचणी ओठात धरून ती म्हणाली,
'मग तुमचं जाकीट होतंय.'